बाईंचा उजवा पाय

मी गाडी चांगली चालवते. हे मीच सांगते, कारण घरात दुसरं कोणी सांगत नाही. नवरा शेजारी बसला की घोरतो, आणि लेक मागे कानात काहीतरी खुपसून बसते. पण कधी सिग्नलला उभी असले की माझी नजर शेजारच्या सीटखाली जाते. तिथे पूर्वी एक पाय असायचा. सपाट टाचेचा काळा बूट, जाड मोजा, आणि तो पाय सारखा खालची चटई दाबत असायचा. तिथे ब्रेक नव्हता, पण मिस अर्लीन यांना ते कधी पटलं नाही.

टेक्ससमध्ये मोठ्या बाईला नावाआधी मिस लावून हाक मारतात, म्हणून मी त्यांना मिस अर्लीन म्हणायचे. मनात मात्र त्या पहिल्या दिवसापासून 'बाई' होत्या, शाळेतल्या असतात तशा. बोलायच्या इंग्रजीत, एकेक शब्द ओढत ओढत. पण इतक्या वर्षांनी मला त्या मराठीतच बोलताना आठवतात, तेव्हा तशाच सांगते.

आम्ही २००३ साली टेक्ससमधल्या फ्रिस्कोला आलो. गाव नुसतं वाढून राहिलं होतं, काल जिथे शेत होतं तिथे आज घरांची रांग. प्रशांतला नोकरी होती आणि माझा व्हिसा असा की मी नोकरी करायची नाही. रिक्षा नाही, बस नाही, कोथिंबीर आणायची तरी नवऱ्याची वाट बघा. नागपूरला मी कॉलेजपासून स्कूटी उडवत होते, आणि इथे येऊन माझं पार बुजगावणं झालं. मग प्रशांतने गाडी शिकवायला घेतली. नवऱ्याने बायकोला गाडी शिकवू नये असा कायदाच व्हायला पाहिजे. तो दर मिनिटाला "अगं ब्रेक, ब्रेक" करायचा, आणि मी ब्रेक दाबला की "आता कशाला दाबलास?"

एका शनिवारी मी आमच्याच गल्लीत, रस्त्याच्या मधोमध, स्टीअरिंग धरून रडत बसले होते. समोरच्या घराच्या उघड्या गॅरेजमध्ये एक उंच, म्हाताऱ्या काळ्या बाई घडीच्या खुर्चीत बसलेल्या असायच्या. त्या उठल्या, हळूहळू चालत आल्या आणि काचेवर टकटक केलं. माझ्या नाही, प्रशांतच्या.

"मिस्टर," त्या म्हणाल्या, "तुम्ही उतरा. घरात जाऊन काहीतरी थंड प्या."

प्रशांत उतरला. स्वतःच्या आईचं तो इतक्या पटकन कधी ऐकत नाही. बाई त्याच्या जागी बसल्या, पट्टा लावला, आणि उजवा पाय चटईवर रोवला. "आता," त्या म्हणाल्या, "रडून झालं असेल तर आरसा बघ."

बाई काचबिंदूमुळे स्वतःचं लायसन्स परत देऊन भाचीकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी फी पहिल्याच दिवशी सांगून टाकली. मला लायसन्स मिळालं की दर रविवारी चर्चनंतर त्यांना एका ठिकाणी न्यायचं. कुठे, म्हणून मी विचारलं. "आधी रिव्हर्स शीक," त्या म्हणाल्या.

आमच्या उत्तरेला एक जुनं छोटं गाव आहे, बाई तिथल्या. तिथल्या काळ्या मुलांच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या. पुढे सरकारने शाळा एकत्र केल्या. म्हणजे काळ्यांची शाळा बंद केली आणि मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पाठवलं. मुलं गेली, पण बाईंचं काय करायचं? आमच्या पोरांना काळी बाई गणित शिकवणार का, म्हणून पालक बोंबलले. तेव्हा हेडमास्तरांनी तोड काढली आणि बाईंना ड्रायव्हिंगच्या तासाला लावलं, इथे गाडी शाळेतच शिकवतात. शाळेच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. बाई रिटायर होईपर्यंत त्या ब्रेकवर पाय ठेवून बसल्या.

"गणित माझ्याकडून नको होतं त्यांना," बाई म्हणायच्या, "पोरांचे जीव मात्र माझ्या हाती दिलेले चालत होते." हसून नाही म्हणायच्या, आणि रागानेही नाही. भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगावं तसं सांगायच्या.

त्यांचे नियम फार. टाकी अर्ध्याखाली गेली की त्यांना चैन पडायचं नाही. पंप आला की "घे भरून." वीस मिनिटांवर जायचं असलं तरी मांडीवर डबा, त्यात उकडलेली अंडी आणि पावाचे तुकडे, आणि पाण्याची बाटली. मला आधी वाटलं, म्हातारपण. मग एकदा त्यांनी सांगितलं, की त्या लहान असताना वडील गाडीने आजोळी न्यायचे, तेव्हा रस्त्यात कुठला पंपवाला पेट्रोल देईल आणि कुठला हाकलेल याचा भरवसा नव्हता. खायला आत घ्यायचे नाहीत. संडास वापरू द्यायचे नाहीत. पोरांसाठी गाडीत एक डबडं ठेवलेलं असायचं.

"पण आता तर कुठेही थांबता येतं," मी म्हटलं.

"येतं ना," त्या म्हणाल्या. "तरी भरून घे."

दुसरं म्हणजे त्या सगळ्यांना मिस आणि मिस्टर लावायच्या. मी मिस सुजाता. माझी आर्या तेव्हा सात वर्षांची असेल, ती मिस आर्या. "आई, व्हाय इज शी कॉलिंग मी मिस? आय अॅम इन सेकंड ग्रेड," म्हणून ती वैतागायची. बाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, की माझी आई सत्तरीत वारली, तरी गावातलं गोरं शेंबडं पोरही तिला नुसतं 'रूबी' म्हणायचं. एकाने कधी मिसेस लावलं नाही. म्हणून मी सगळ्यांना लावते, कोणी सुटायला नको. आर्या मग मिस म्हटलं की ओ द्यायला लागली. नंतर ती आमच्या कुत्र्यालाही मिस्टर म्हणायला लागली, ते वेगळं.

लायसन्स मिळालं आणि पहिल्या रविवारी कळलं, जायचं होतं कब्रस्तानात.

त्या जुन्या गावाचं ते कब्रस्तान. पुढून मोठी कमान, आत डांबरी रस्ता, कापलेली हिरवळ, संगमरवरी दगड. आम्ही कमानीतून आत गेलो नाही. बाईंनी मला बाहेरून वळसा घालायला लावला. शेताच्या कडेने कच्चा रस्ता, त्याच्या शेवटी मागची बाजू. तिथे गुडघ्याएवढं गवत आणि वाकडेतिकडे दगड. काहींना दगडही नाही, नुसती नावाची पत्र्याची पट्टी. आणि दोन्हींच्या मध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळीचं कुंपण. मी विचारायच्या आधीच बाई म्हणाल्या, "तिकडे गोरे, इकडे आम्ही."

त्यांचे यजमान विल्बर अगदी कुंपणाला लागून होते. शेजारी एक जागा रिकामी. "ती माझी," बाई म्हणाल्या. मग त्यांनी कुंपणाच्या जाळीत बोटं घातली आणि जरा हलवून बघितली, आपण दाराची कडी लागली का ते बघतो तशी. "मला इथेच यायचंय. विल्बरला सोडून कुठे जाणार? पण हे असताना नाही. जन्मभर अलीकडे राहिले, मेल्यावर नाही राहणार. हे निघालं पाहिजे, आणि मी जायच्या आत निघालं पाहिजे."

मी गवत उपटत होते. मला एकदम आजोबा आठवले आणि मी सांगून टाकलं, जे मी फ्रिस्कोत कोणालाच सांगितलं नव्हतं. वर्धेकडच्या आमच्या गावात गावाचं स्मशान वेगळं, आमच्या लोकांचं वेगळं. त्यांच्याकडे पत्र्याची शेड, आमच्याकडे नाल्यापलीकडची उघडी जमीन. आजोबा भर पावसाळ्यात गेले. नाल्याला पूर होता, आणि पाणी उतरेपर्यंत आजोबांना अंगणात ताडपत्रीखाली ठेवावं लागलं. गावचं स्मशान रस्त्याला लागून होतं, पण तिकडे नेऊ का म्हणून विचारायचीसुद्धा कोणाची छाती झाली नाही.

बाईंनी नीट ऐकलं. "तुम्हाला बघून ओळखतात कसं? मला तर तुम्ही सगळे सारखेच दिसता."

"आडनाव विचारतात," मी म्हटलं. "नाहीतर गाव विचारतात, मग गावात घर कुठे ते विचारतात."

"आणि मध्ये कुंपण नाही?"

"नाही. नाला आहे."

बाईंनी कुंपणाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "माझं काम सोपं म्हणायचं. नाला उपटता येत नाही." आणि आम्ही दोघी हसलो, कब्रस्तानात, काय करणार.

कब्रस्तानाकडे जाणाऱ्या त्याच रस्त्यावर पुढच्या वसंतात पोलिसाने मला थांबवलं. आरशात लाल-निळे दिवे दिसले, पण मी घाबरले असं दाखवायचं नाही म्हणून गाडी व्यवस्थित कडेला घेतली. मग मी काय केलं? नागपूरला व्हरायटी चौकात हवालदाराने शिट्टी मारली की आपण काय करतो? गाडी लावतो, उतरतो, त्याच्याकडे जातो, गोड बोलतो. बसून राहिलं तर म्हणतो, साहेब आहात काय. मी तेच केलं. पर्समध्ये हात घालून लायसन्स शोधत शोधत, तोंडभर हसून, मी त्याच्या गाडीकडे चालायला लागले.

तो जोरात काहीतरी ओरडला, आणि त्याचा हात कमरेला गेला. मी जागच्या जागी थिजले. तेवढ्यात मागून बाईंचा आवाज आला, अगदी हळू, अगदी सपाट. "मिस सुजाता. पर्समधून हात बाहेर काढ. रिकामा. हळू. आता मागे ये आणि बस. दोन्ही हात स्टीअरिंगवर."

मी बसले. बाईंचे दोन्ही हात डॅशबोर्डवर पालथे होते, बोटं पसरलेली. पोलीस आला, पोरगेलाच होता. माझं लायसन्स बघितलं आणि वेग थोडा जास्त होता म्हणून समज दिली, 'मॅम' म्हणून. मग वाकून पलीकडे बघितलं आणि बाईंचं ओळखपत्र मागितलं. गाडी मी चालवत होते, चूक माझी, आणि ओळखपत्र त्यांचं. बाईंनी "आता मी पर्समध्ये हात घालतेय, सर" असं आधी सांगितलं आणि मग हात घातला. तो सर म्हणजे त्यांच्या नातवाच्या वयाचा.

तो गेल्यावर मी रडायच्या बेतात होते, पण माझं लक्ष खाली गेलं. बाईंचा उजवा पाय चटईवर इतका दाबलेला होता की गुडघा थरथरत होता. गाडी कधीचीच उभी होती.

"चूक माझी," बाई म्हणाल्या. "ब्रेकच्या आधी हे शिकवायला हवं होतं. शाळेत काळ्या मुलांना मी हा तास शाळा सुटल्यावर वेगळा घ्यायचे. गोऱ्या मुलांना लागत नव्हता. तुला कोणत्या वर्गात बसवायचं तेच मला कळलं नाही."

तिथेच कडेला, त्या उन्हात, त्यांनी माझ्याकडून घोटून घेतलं. काच खाली, हात वर, आधी सांगायचं, मग हलायचं. मला खूप राग आला होता, कोणाचा ते नीट सांगता येत नाही. त्या पोलिसाचा होताच. पण माझ्या शिक्षिकेला हे सगळं इतकं पाठ असावं याचा जास्त.

मधूनमधून त्या गावाच्या कौन्सिलची सभा असायची, तिथेही मीच न्यायचे. बाई जांभळी टोपी घालायच्या, हातात पर्स, आणि ठरलेली तीन मिनिटं माईकसमोर उभ्या राहायच्या. बोलायच्या फार थोडं. "मी मिसेस अर्लीन. या गावातली अर्धी माणसं माझ्याकडे गाडी शिकली. कब्रस्तानातलं कुंपण काढा." एवढं बोलून उरलेला वेळ नुसत्या उभ्या राहायच्या, वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत. समोर बसलेल्यांना ते भाषणापेक्षा जड जायचं.

उत्तरं मात्र ठरलेली. अभ्यास चालू आहे. कुंपण जुनं आहे, इतिहासाचा भाग आहे. मग निघालं, की कुंपण नेमकं कोणाच्या मालकीचं तेच कागदात सापडत नाही. गोऱ्या बाजूची कमिटी म्हणे आमचं नाही, गाव म्हणे आमचं नाही, चर्चचं तर नव्हतंच. ज्याचं नाही त्याने काढायचं कसं? एकदा एक तरणा सभासद खूप प्रेमाने म्हणाला, "मिस अर्लीन, आजकाल हे कोण मानतं?"

"कोणी मानत नाही ना," बाई म्हणाल्या, "मग काढायला इतकं जड का जातंय?"

तो त्यांचाच विद्यार्थी निघाला. परतताना गाडीत म्हणाल्या, "पॅरलल पार्किंगला दोनदा नापास झाला होता." आणि डोळे मिटून घेतले. त्या दिवशी त्या पहिल्यांदा मला थकलेल्या दिसल्या. चिडलेल्या नाही, हरलेल्या नाही, थकलेल्या. रोज तोच ढिगारा उपसणाऱ्या माणसासारख्या.

आमच्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, त्या काळ्या बाईला घेऊन कुठे कुठे फिरतेस, एरिया बघून जात जा." आणि त्याच दमात, "तुम्ही नागपूरचे म्हणजे नक्की कुठले गं?" मी म्हटलं, "नाल्यापलीकडचे, काकू." त्यांना काही कळलं नाही. मंडळात मग मी फारशी गेले नाही.

त्या वर्षी चौदा एप्रिलला मी बाईंना घरी जेवायला बोलावलं. खीर-पुरी केली होती. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, त्याला हार, शेजारी बुद्धाची मूर्ती. बाईंनी विचारलं, हे कोण. मी सांगितलं, आमच्या माणसांना तळ्याच्या पाण्यापर्यंत नेलं ते हे. मोठे वकील होते, देशाचा कायदा लिहिला यांनी.

"वकील, ते बरं," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे पाद्री फार. ते स्वर्गापर्यंत थांबा म्हणतात." मग फोटोसमोर उभं राहून त्यांनी टोपी नीट केली. "आणि इतका कायदा लिहून तुझे आजोबा तरी अंगणातच ना?"

"हो," मी म्हटलं.

"हं," बाई म्हणाल्या, आणि खीर आणखी मागून घेतली.

२००८च्या सुरुवातीला बाईंची किडनी गेली. आठवड्यातून तीनदा मशीनवर जायचं, आलं की दिवस झोपेत. कौन्सिलला जाणं थांबलं. रविवार चुकायला लागले. मी फोन केला की पहिला प्रश्न एकच, "आहे का अजून?" मी मुद्दाम तिकडून गाडी नेऊन बघून यायचे आणि सांगायचे, आहे. एकदा मनात आलं, खोटंच सांगावं, की निघालं म्हणून. पण त्यांना खोटं सांगायची माझी हिंमत नव्हती.

आणि मग उन्हाळ्यात एक वादळ झालं. झाडं पडली, छपरं उडाली, आणि कब्रस्तानातलं अर्धं कुंपण आडवं झालं. पुन्हा उभारायचं तर खर्च, आणि मालक तर सापडतच नव्हता. महिना-दोन महिन्यांनी कोणीतरी ट्रक आणून पडलेलं आणि उभं, सगळंच गोळा करून घेऊन गेलं. ठराव नाही, भाषण नाही, चुकलं म्हणणं नाही. मी धावत बाईंकडे गेले. त्या अंथरुणात होत्या.

"काढलं?" त्यांनी विचारलं.

"पडलं," मी म्हटलं. "मग उचललं."

बाई छताकडे बघत राहिल्या. "म्हणजे त्यांनी नाही काढलं," त्या म्हणाल्या. "मी उगीच इतकी वर्षं कौन्सिलला सांगत बसले. वाऱ्याला सांगायला हवं होतं."

नोव्हेंबरात निवडणूक झाली आणि एक काळा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला. मत द्यायला बाईंना मीच व्हीलचेअरवरून नेलं होतं. मतदानाच्या रात्री भाचीचं घर भरून गेलं होतं, लोक मिठ्या मारत होते, भाची रडत होती, मीही रडले. सगळे सारखे बाईंच्या तोंडाकडे बघत होते, त्या कधी रडतात म्हणून. बाईंनी टीव्हीवरच्या त्या देखण्या कुटुंबाकडे पुष्कळ वेळ बघितलं. "पोरी गोड आहेत," त्या म्हणाल्या. "देव त्यांना सांभाळो." आणि मग, "मला कोणीतरी आत निजवा. दमले." दुसऱ्या दिवशी त्याच मंडळातल्या काकूंचा फोन, तुमच्या त्या बाई खूश असतील ना आता. मी म्हटलं, झोपल्या आहेत.

डिसेंबरात मी बहिणीच्या लग्नाला नागपूरला गेले. परत आले तोवर बाई विल्बरच्या शेजारी पोहोचल्या होत्या. कब्रस्तानात मी त्यांना शेवटचं नेलं होतं ते निवडणुकीनंतरच्या रविवारी. त्या दिवशी त्यांनीच फोन केला होता. "टाकी भरलेली आहे का?" त्यांनी विचारलं. डबा नव्हता आणला, अंडी त्यांना बंद झाली होती. जांभळी टोपी मात्र होती, आता सैल झालेली.

मी सवयीने कच्च्या रस्त्याकडे वळायला लागले तर बाई म्हणाल्या, "पुढून घे."

आम्ही पहिल्यांदाच कमानीखालून गेलो. डांबरी रस्ता, दोन्हीकडे संगमरवर, ज्यांची नावं बाईंना पाठ होती. हा बँकवाला, ही याची बायको, हा हेडमास्तर. पुढे डांबर संपून गवत लागलं. जिथे कुंपण होतं तिथे खांबांचे खड्डे मातीने बुजवलेले, आणि इकडून तिकडे एक पिवळट पट्टा, जिथे अजून गवत उगवलं नव्हतं. पलीकडे समोरच विल्बरचा दगड दिसत होता.

आम्ही त्या पट्ट्याशी आलो आणि माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यात हालचाल झाली. बाईंचा उजवा पाय सटकन चटईवर दाबला गेला, त्या पोलिसाच्या दिवशीसारखा, गुडघ्यापर्यंत ताठ. आणि मी त्यांच्या हाताखाली तयार झालेली. विचार न करता मीही ब्रेक दाबला.

गाडी पट्ट्याच्या अलीकडे उभी राहिली.

"का थांबलीस?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही ब्रेक दाबलात."

बाईंनी खाली बघितलं. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं, तरी वाकून बघितलं. तो पाय आपला नाहीच, असं बघत होत्या. मग गुडघ्यावर हात ठेवला आणि जरा चोळला.

"याला कोणी सांगितलेलं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "चालव, मिस सुजाता. हळू चालव."

मी ब्रेक सोडला. चाकं पट्ट्यावरून गेली, काही जाणवलंसुद्धा नाही. विल्बरपर्यंत पोहोचून मी इंजिन बंद केलं, तेव्हाही तो पाय तसाच दाबलेला होता. बाईंनी तो दोन्ही हातांनी उचलून दाराबाहेर ठेवला.